काठावरचे

गुरुवारी संध्याकाळी मेलबर्नच्या ट्रेनमध्ये एक क्षण असा येतो की डब्यातली निम्मी माणसं एकदम मोबाइलमध्ये डोकं घालतात. अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. वीकेंडच्या फुटबॉल सामन्यांचे संघ जाहीर झालेले असतात. फुटबॉल म्हणजे आपला गोल चेंडूचा नव्हे. इथला. लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, प्रत्येक बाजूला अठरा माणसं आणि चार उंच खांब.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, यात एवढं काय बघायचं? कर्णधार असणारच, मोठी नावं असणारच. मग लक्षात आलं की मोठ्या नावांकडे कुणी बघतच नाही. नजर सरळ यादीच्या तळाशी जाते. शेवटून दुसरा कोण? राखीव कोण? आणि त्याखालच्या दोन ओळी: ‘आत’ आणि ‘बाहेर’. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या मशीनपाशी जो वाद होतो तो या दोन ओळींवर. आमच्या ऑफिसातले दोघं गेली तीन वर्षं एकाच राखीव खेळाडूवरून भांडत आहेत. तो खेळाडू या तीन वर्षांत किती सामने खेळला ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

हा लेख त्या वादाबद्दल आहे. साहित्याच्या पानावर हे कशाला, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं असं की ही मेलबर्नची लोकसमीक्षा आहे. पुस्तकांवर, सिनेमांवर या शहरात जेवढा वाद होत असेल त्याच्या कितीतरी पट वाद काठावरच्या खेळाडूंवर होतो, आणि त्यातही समीक्षेत असतं ते सगळं असतं: निकष, पूर्वग्रह, पुरावा, ठोकताळे, आणि कुणावर तरी जडलेला जीव. मग त्याची समीक्षा का करू नये?

आधी संहिता. संघाची यादी अजूनही जुन्या वर्तमानपत्री साच्यात छापतात. बॅक, हाफ-बॅक, सेंटर, हाफ-फॉरवर्ड, फॉरवर्ड, फॉलोअर्स. सहा ओळी, प्रत्येकीत तीन नावं. त्याखाली बदली खेळाडू, त्याखाली इमर्जन्सी. गंमत म्हणजे हा साचा जवळजवळ काल्पनिक आहे. आजच्या खेळात कुणी आपल्या नेमल्या जागी उभं राहत नाही, आणि प्रशिक्षक प्रतिस्पर्ध्याला चकवायला नावं खुशाल इकडची तिकडे टाकतात. तरी साचा टिकलाय. पूर्वी गुरुवारी रात्री चॅनल सेव्हनवर ‘लीग टीम्स’ नावाचा कार्यक्रम असायचा. लू रिचर्ड्स, जॅक डायर आणि बॉब डेव्हिस हे तीन माजी खेळाडू नावं वाचायचे आणि एकमेकांची टिंगल करायचे. थोडक्यात, यादीचं जाहीर वाचन हाच करमणुकीचा कार्यक्रम होता.

‘बाहेर’ या ओळीत प्रत्येक नावापुढे कंसात कारण असतं. जखमी, आजारी, निलंबित, हे सरळ शब्द. पण ‘वगळला’ असं लिहिलं की तो वार असतो. आणि गेल्या काही वर्षांत लाडका झालेला शब्द म्हणजे ‘मॅनेज्ड’. याचा अर्थ त्याला विश्रांती दिली, किंवा थकलाय, किंवा काहीतरी दुखतंय पण सांगायचं नाही, किंवा वगळलाय पण माणूस एवढा मोठा की तसं लिहिता येत नाही. आपल्याकडे ‘प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा’ जसा वाचला जातो तसाच इथे ‘मॅनेज्ड’ वाचला जातो. एका शब्दावर दोन दिवस निरूपण चालतं.

वादाची स्वतःची भाषा आहे, आणि ती झकास आहे. वाईट खेळाडू म्हणजे ‘स्पड’, बटाटा. राखीव संघ म्हणजे ‘ट्वूज’ किंवा ‘मगूज’. ज्याला कुणी कापत नाही आणि जो कधी खेळतही नाही, तो ‘लिस्ट क्लॉगर’. तुंबलेल्या मोरीतल्या कचऱ्यासाठी वापरावा तसला हा शब्द जिवंत माणसासाठी वापरतात, आणि वापरणारी माणसं एरवी चांगली असतात. संघ हरत असला की ‘पोरांना खेळवा’ हा घोष सुरू होतो. आणि ‘बेस्ट ट्वेंटी-टू’ हा सगळ्यात पवित्र वाक्प्रचार: अमुक तमुक आमच्या बेस्ट ट्वेंटी-टूमध्ये बसतो का? सामन्यासाठी निवडायच्या खेळाडूंची संख्या आता 23 आहे, पण वाक्प्रचार बावीसवरच अडलाय. तो बदलणार नाही. आपण नाही का अजून चार आणे-आठ आणे म्हणत.

या सगळ्या वादात एक घोळ आहे. चाहता विचारतो, ‘लायक कोण?’ निवड करणारा विचारतो, ‘गरज कशाची?’ हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण ते वेगळे आहेत. चाहत्याच्या मते संघात जागा मिळणं हे बक्षीस आहे. राखीव संघात पोरगा तीन आठवडे छान खेळला, मग त्याला मिळायला नको? प्रशिक्षकाच्या मते जागा हे काम आहे. पुढच्या आठवड्यात समोरच्यांचा उंच बचावपटू कोण अडवणार? मुंबईकर वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले आणि ते एकही कसोटी खेळले नाहीत, कारण भारताच्या डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींकडे होती. लायकी होती, गरज नव्हती. आपण त्यावर अजून हळहळतो. इथे तशी हळहळ दर आठवड्याला असते, अठरा क्लबांत.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. इथे तुम्ही काठावरच्या खेळाडूला जाऊन बघू शकता.

मी फुट्सक्रेला राहते. घरापासून व्हिटन ओव्हल चालत जाण्याइतकं जवळ आहे. वेस्टर्न बुलडॉग्जचा मुख्य संघ आता मोठ्या स्टेडियममध्ये खेळतो, पण राखीव संघ ‘फुट्सक्रे’ या जुन्या नावानेच राज्य लीगमध्ये उतरतो. (लीगचं नाव व्हीएफएल. 1990 पूर्वी हेच नाव मुख्य लीगचं होतं. नवख्याचा गोंधळ व्हावा म्हणूनच हे असं ठेवलं असावं.) तिथे गेलात की वेगळंच चित्र दिसतं. दोन पावांच्या सत्रांमध्ये प्रेक्षक सरळ मैदानात उतरतात. पोरं आपापले चेंडू घेऊन लाथा मारत असतात, आणि खेळाडूंच्या कोंडाळ्यापासून थोड्या अंतरावर उभं राहून प्रशिक्षक काय बोलतोय ते तुम्ही ऐकू शकता. हजारोंच्या गर्दीत जो नुसता आकडा असतो, तो इथे नाक शिंकरताना दिसतो. टीव्हीवर चेंडूपाशी जे घडतं तेच दिसतं. इथे चेंडू नसताना कोण धावतंय, कोण चालतंय, कोण सोबत्याला ओरडून सांगतंय, हे दिसतं.

वादातला खरा भेद माझ्या मते इथे पडतो. एक बाजू आकडे वाचून बोलते: इतक्या वेळा चेंडू मिळवला, इतके टॅकल. दुसरी बाजू जाऊन बघून आलेली असते. तिचा निर्णय बरोबर असतोच असं नाही, बऱ्याचदा उलटच, कारण जाऊन बघणाऱ्याचा जीव जडतो. पण तिच्या बोलण्यात माणूस असतो. ‘तो डाव्या पायाने टाळतो, बघ जरा’ हे वाक्य आणि ‘त्याची सरासरी कमी आहे’ हे वाक्य यांत पुस्तक वाचून लिहिलेलं परीक्षण आणि मलपृष्ठ वाचून लिहिलेलं परीक्षण एवढं अंतर आहे.

इथपर्यंत सगळं मजेचं आहे. आता जिथे मजा संपते तिथे येऊ.

या लीगमध्ये अंतिम सामन्याचं विजेतेपदाचं पदक फक्त त्या दिवशी संघात असणाऱ्याला मिळतं. वर्षभर खेळलात, घाम गाळलात, उपांत्य सामना जिंकून दिलात, आणि शेवटच्या गुरुवारी नाव ‘बाहेर’च्या ओळीत आलं, तर पदक नाही. 2016 मध्ये बुलडॉग्जने 62 वर्षांनी विजेतेपद मिळवलं. कर्णधार बॉब मर्फी मोसमाच्या सुरुवातीलाच गुडघा मोडून बाहेर बसला होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने त्याला व्यासपीठावर बोलावून स्वतःच्या गळ्यातलं पदक त्याच्या गळ्यात घातलं. सगळं शहर रडलं. रडण्यासारखंच होतं. पण मर्फी कर्णधार होता. काठावरच्यासाठी कुणी पदक उतरवत नाही.

डेरेक किकेटचं प्रकरण जुन्या माणसांसमोर काढून बघा. 1993. एसेंडनचा तो मोसम ‘बेबी बॉम्बर्स’चा, पोरांचा. किकेट पोरगा नव्हता. अंतिम सामन्यापर्यंतचा प्रत्येक सामना तो खेळला. प्रत्येक. आणि अंतिम सामन्याच्या आठवड्यात प्रशिक्षक केव्हिन शीडीने त्याला वगळलं. एसेंडनने कार्लटनला 44 गुणांनी हरवलं. किकेट पुढच्या वर्षी सिडनीला निघून गेला. आज तीस वर्षांनंतरही एसेंडनच्या चाहत्यांत यावर दोन तट आहेत, आणि जो तट शीडीच्या बाजूचा आहे त्याचा युक्तिवाद एकाच वाक्याचा आहे: जिंकलो ना?

हा युक्तिवाद मला मान्य नाही. जिंकल्याने निवड बरोबर ठरत नाही. 44 गुणांनी जिंकलेला संघ किकेटला घेऊनही जिंकला असता, अशी शक्यता भरपूर आहे. निकालाने फक्त प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद केलं. खेळाच्या समीक्षेला लागलेली ही सगळ्यात जुनी कीड आहे. आधी स्कोअर बघायचा, मग मत बनवायचं, मग ते मत आधीपासून होतं असं सांगायचं.

2010 ला तेच पुन्हा. कॉलिंगवुड आणि सेंट किल्डा यांचा अंतिम सामना 68-68 असा बरोबरीत सुटला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुढच्या शनिवारी तो नव्याने खेळवला. मधल्या आठवड्यात कॉलिंगवुडने लिऑन डेव्हिसला काढलं आणि टायसन गोल्डसॅकला घेतलं. डेव्हिस म्हणजे दहा वर्षांचा जुना, मैदानाच्या अशक्य कोपऱ्यातून गोल मारणारा, आदल्याच वर्षी ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडला गेलेला. गोल्डसॅक म्हणजे पाठ्यपुस्तकातला काठावरचा. फेरसामन्यातला पहिला गोल गोल्डसॅकनेच मारला. कॉलिंगवुड 56 गुणांनी जिंकलं. वाद संपला. निदान तसं मानलं गेलं. पण 2011 मध्ये डेव्हिसला मागच्या फळीत खेळवलं, आणि तो तिथेही ऑल-ऑस्ट्रेलियन झाला. म्हणजे खेळ संपला नव्हता. त्यानंतर तो पर्थला परतला. पदक नाहीच.

गोल्डसॅकवर माझा राग नाही, हे सांगून टाकते. 2018 च्या सुरुवातीला त्याचा गुडघा गेला, आणि त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात तो मैदानात होता. अशा माणसावर राग कसा धरणार? काठावरच्याला आत घेणं म्हणजे दुसऱ्या कुणाला काठावर ढकलणं, हे चाहत्यांच्या वादात कुणी मोठ्याने म्हणत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

आणखी एक गोष्ट कुणी मोठ्याने म्हणत नाही. किकेट आणि डेव्हिस दोघेही पश्चिम ऑस्ट्रेलियाचे, दोघेही नूंगार, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. वंशामुळे त्यांना वगळलं असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि सोपं उत्तर इथे बसतही नाही: 1993 च्या त्याच अंतिम सामन्यात सामनावीर ठरला तो मायकल लाँग, त्याच वर्षीचं ब्राउनलो पदक मिळवलं ते गॅव्हिन वँगनीनने, आणि दोघेही अ‍ॅबोरिजिनल, दोघेही शीडीच्याच संघातले. पण याच वर्षाच्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया पार्कवर प्रेक्षकांच्या शिव्या ऐकून निकी विनमारने जर्सी वर करून आपल्या कातडीकडे बोट दाखवलं होतं. आणि 2021 मध्ये कॉलिंगवुडने स्वतःच नेमलेल्या समितीच्या अहवालात क्लबमधला वंशवाद ‘व्यवस्थेतला’ असल्याचा निष्कर्ष आला. अशा हवेत निवडीची भाषा निष्पाप राहत नाही.

ती भाषा कान देऊन ऐका. गोऱ्या काठावरच्या खेळाडूबद्दल बोलताना शब्द येतात: प्रामाणिक, कष्टाळू, आपलं काम चोख करणारा. अ‍ॅबोरिजिनल खेळाडूबद्दल: जादू, उपजत, मूड असला तर. दोन्ही स्तुतीच. पण गुरुवारी कुणाला तरी वगळायची वेळ आली की ‘कष्टाळू’ माणूस वाचतो आणि ‘जादूगार’ धोक्यात येतो. जादूवर भरवसा ठेवू नये असं सगळ्यांनाच वाटतं. लायकीचा निकष तराजूसारखा दिसतो, पण विशेषण निवडलं की पारडं आधीच झुकलेलं असतं.

म्हणूनच मार्लिअन पिकेटची गोष्ट एवढी गोड लागते. तोही नूंगार, पर्थकडचा. विशीच्या आधी तुरुंगात गेला, अडीच वर्षं काढली, साउथ फ्रीमँटलकडून खेळत राहिला. 2019 च्या मोसमाच्या मध्यावर, वयाच्या 27 व्या वर्षी, रिचमंडने त्याला घेतलं. राखीव संघाच्या अंतिम सामन्यात तो सर्वोत्तम ठरला. पुढच्याच आठवड्यात मुख्य संघाचा जॅक ग्रॅहम खांदा दुखावल्यामुळे बाहेर गेला, आणि पिकेटने पाठीवर 50 आकडा घेऊन मुख्य लीगमधलं पदार्पणच अंतिम सामन्यात केलं. असं याआधी 1952 मध्ये कॉलिंगवुडच्या कीथ बॅचेलरच्या बाबतीत घडलं होतं. पिकेटने पहिल्या सत्रांत एक अशी गिरकी घेतली की समोरचा हवेतच राहिला. पुढे गोल मारला तेव्हा अख्खा संघ त्याच्याकडे धावला. रिचमंड 114, जायंट्स 25.

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल सांगत नाही. पण समीक्षक म्हणून त्या गोष्टीबद्दल एक कुरकुर आहे. ती गोष्ट आता प्रत्येक वादात नाणं म्हणून वाजवली जाते. राखीव संघात कुणी दोन सामने बरा खेळला की, ‘पिकेट आठवतोय ना?’ एकाची गोष्ट शंभरांच्या डोक्यावर टांगली जाते. आणि खुद्द पिकेटचं काय? त्या सामन्यात त्याला 22 वेळा चेंडू मिळाला, त्यासाठी तो कुठे धावला, केव्हा थांबला, हे कुणी बोलत नाही. ‘तुरुंगातून मैदानात’ या तीन शब्दांत सगळं आटोपतं. चांगल्या पुस्तकाचं नुसतं कथानक सांगून परीक्षण उरकावं, तसं.

याच्या उलट बिली फ्रॅम्प्टन. त्याच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. पोर्ट अ‍ॅडलेड, मग अ‍ॅडलेड, मग कॉलिंगवुड, तीन क्लब आणि कुठेच पक्की जागा नाही. 2023 च्या अंतिम सामन्याआधी डॅन मकस्टेचा गुडघा गेला आणि फ्रॅम्प्टनचं नाव ‘आत’ आलं. त्या आठवड्यात कॉलिंगवुडच्या चाहत्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. त्याला नेमलेलं काम असं: ब्रिस्बेनचा उंच बचावपटू हॅरिस अँड्र्यूज हवेतले सगळे चेंडू अडवतो, त्याला अडवायला देऊ नकोस. स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्याला काही करू द्यायचं नाही. कॉलिंगवुड 90, ब्रिस्बेन 86. चार गुण.

माझ्या मते अलीकडची ही सगळ्यात वाचनीय निवड आहे. चाहत्यांच्या अर्थाने फ्रॅम्प्टन ‘लायक’ नव्हता, आकड्यांत त्याची त्या दिवशीची कामगिरी दिसतही नाही. ती बघायची तर चेंडूवरून नजर काढून अँड्र्यूजवर ठेवावी लागते. (हो, मीही आता जिंकलेल्या संघाचंच उदाहरण देते आहे. माझी चोरी पकडलीत तर हरकत नाही. चार गुणांनी हरले असते तरी मी हेच म्हटलं असतं असं मला वाटतं, पण सगळे तसंच म्हणतात.)

साहित्यात हा वाद कुठे आहे? डेव्हिड विल्यमसनचं ‘द क्लब’ हे 1977 चं नाटक इथे फुटबॉलवरचं मानाचं नाटक समजलं जातं. ब्रूस बेरेसफोर्डने 1980 मध्ये त्याचा सिनेमाही केला. नाटक अजून धारदार आहे: पैसे मोजून आणलेला जेफ, जो नीट खेळत नाही; वैतागलेला प्रशिक्षक लॉरी; मांसाच्या पायचा कारखाना असलेला अध्यक्ष टेड; आणि गोड बोलून सगळ्यांचा काटा काढणारा व्यवस्थापक. पण सगळं समितीच्या खोलीत घडतं. चाहते दाराबाहेर. ते नुसते गुरगुरणारा जमाव म्हणून येतात, विचार करणारी माणसं म्हणून नाहीत. आणि महागड्या जेफला जागा देण्यासाठी कोण बाहेर बसलं, त्या पोराला नाटकात चेहराच नाही. विल्यमसनला सत्ता दिसली, काठ दिसला नाही. पन्नास वर्षं होत आली, तो काठ लिहायचा राहिलाच आहे. तोवर तो चहाच्या मशीनपाशी तोंडी चालू आहे.

गेल्या मोसमात एका शनिवारी मी व्हिटन ओव्हलला गेले होते. थंडी, बोचरा वारा, कागदी पुड्यातले चिप्स मिनिटात गार. कुंपणाशी ट्रॅकसूट घातलेला एक उंच पोरगा उभा होता. इमर्जन्सी. रात्री मुख्य संघाचा सामना होता. ऐनवेळी कुणी पडलं तर लागेल म्हणून त्याला या सामन्यात खेळवलं नव्हतं, आणि तिकडे कुणी पडलं नाही तर तो तिकडेही खेळणार नव्हता. शेजारी दोन मध्यमवयीन माणसं त्याच्याबद्दलच वाद घालत होती, त्याला ऐकू जाईल इतक्या जवळून. एक म्हणत होता, मिळायला पाहिजे याला. दुसरा म्हणत होता, मंद आहे. पोराने एकदाही मान वळवली नाही. तिसऱ्या सत्राच्या शेवटी सगळे मैदानात उतरले तेव्हा एका लहान मुलाचा चेंडू त्याच्याकडे घरंगळत आला. त्याने तो उचलला, दोन पावलं घेतली, आणि पन्नास मीटर लांब उभ्या असलेल्या त्या मुलाच्या भावाच्या बरोबर छातीवर लाथेने पोचवला.

दोघांपैकी मंद म्हणणारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हां, पण कुणी अंगावर आलेलं नसताना.”